देव्हाऱ्यात ठेवायचा की भिंतीवर

७ डिसेंबर, रविवार. शेतकऱ्यांकडून परत आलेले ट्रे धुवायचे होते. बारामतीजवळ जळोचीच्या कडेला आमची उसाची रोपवाटिका आहे. रोपं लावून झाली की लोक प्लास्टिकचे रिकामे ट्रे परत आणून टाकतात, चिखलासकट, मुळ्यांसकट, कधी गोगलगायींसकट. ते औषधाच्या पाण्यातून काढल्याशिवाय पुन्हा भरले तर नवी कांडी कुजते. कामाच्या बायका रविवारी येत नाहीत, त्यामुळे हौदावर मी आणि सून दोघीच. तिला पाचवा महिना चालू होता. म्हणून वाकायचं काम माझ्याकडं आणि धुतलेले ट्रे उन्हात उभे करायचं तिच्याकडं.

मधेच ती म्हणाली, "आई, पप्पांचा फोन आला होता. पुढच्या रविवारी जेवायला येतो म्हणालेत."

मी हातातला ट्रे पाण्यात सोडला. तिच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्या काळात तिच्या वडिलांनी आमचा उंबरा पाहिला नव्हता.

ते इंदापूरचे. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. घराणं ख्रिस्ती, तीन-चार पिढ्यांपासूनचं. तिथलं त्यांचं चर्च, ते त्याला मंडळी म्हणतात, लहान आहे. पाळकसाहेब दुसऱ्या गावी गेले की रविवारची उपासना तेच चालवतात. त्यांची मुलगी आणि माझा मुलगा बारामतीला शेतकी कॉलेजात एका वर्गात होते. दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. मुलीनं धर्म बदलला नाही, आम्ही कधी तसं म्हटलंही नाही. पण मुलगी मूर्तीपुढं हात जोडणाऱ्यांच्या घरात गेली, याचा त्यांना त्रास झाला आणि त्यांनी बोलणं टाकलं. तिची आई फोन करायची, ते बाहेर गेलेले असताना.

आता प्रश्न होता बाळंतपणाचा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आमच्यात आहे तशी त्यांच्यातही आहे. मी काही तिला इथं उपाशी ठेवणार नव्हते, दवाखानाही हाकेच्या अंतरावर आहे. पण पोरीला आईजवळ जायचं होतं आणि वडिलांनी 'ये' म्हटल्याशिवाय ती जाणार नव्हती. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

"चांगलं झालं," मी म्हटलं. "काय करायचं जेवायला?"

"ते बघू. पण आई, त्याआधी एक करू या का? देव्हाऱ्यातला तो फोटो काढू या?"

तो फोटो मी आणलेला. सून घरात आली त्याच आठवड्यात मंडईजवळच्या फ्रेमवाल्याकडून घेतला होता. नवी मुलगी आली, तिचा देव घरात नको का, असा साधा हिशेब. फ्रेमवाल्यानं डोक्यामागं फिरत्या लायटिंगचं चक्र असलेला दिला. मी त्याला खंडोबा आणि बाळकृष्णाच्या मधे बसवलं. प्रत्येक देवाला वार असतो म्हणून त्याला रविवार दिला. रविवार खंडोबाचाही आहे, पण दोघं जमवून घेतील असं वाटलं. रोज कुंकवाचं बोट लावायचे, रविवारी साखर ठेवायचे. सून पहिल्या दिवशी बघून गप्प झाली, मग हसली. आवडलं, असं मी समजले.

"का काढायचा?" मी विचारलं.

"पप्पांना चालणार नाही."

"देव आहे ना तो तुमचा?"

"आहे."

"मग देव्हाऱ्यात नाही तर कुठं ठेवायचा?"

"तसा देव नाही, आई."

"मग कसा?"

ती हातातला ट्रे उन्हात लावून परत आली. "मला नीट सांगता येणार नाही. पप्पांनाच विचारा." दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "नको. विचारू नका. सरळ जेवू द्या त्यांना."

संध्याकाळी मी फोटो काढला, वायर गुंडाळली आणि शोकेसमध्ये कपबशांशेजारी ठेवला. मालक टीव्ही बघत होते.

"त्याला का काढला?"

"कुठं ठेवायचा ते ठरत नाही."

"त्यात काय ठरवायचं? भिंतीवर लाव, आबांच्या शेजारी."

भिंतीवर सासरे आणि सासूबाई आहेत, चंदनाच्या हारांत. "तिथं गेलेली माणसं असतात," मी म्हटलं.

"हाबी गेलाच हाय की. खिळं ठोकून मारला न्हाय का?"

"गेला तर देव कसा?"

"मंग देव्हाऱ्यात ठिव." आणि त्यांनी आवाज वाढवला.

मी खताच्या पिशवीमागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पिशवी फोडत नाही. म्हटलं, यांचं पुस्तक घरातच आहे, त्यात काय लिहिलंय ते बघावं. सुनेकडून मराठी बायबल मागून घेतलं. तिनं मला नव्या करारापासून सुरू करायला सांगितलं, नाहीतर बाळंतपणापर्यंत संपणार नाही म्हणाली.

पहिल्याच पानावर वंशावळ. अमक्याचा अमका, तमक्याचा तमका, थेट योसेफ सुतारापर्यंत. आणि त्याखालीच लिहिलेलं की मूल योसेफाचं नव्हे, पवित्र आत्म्यापासूनचं. मग एवढी वंशावळ कुणाची सांगितली? सुनेला विचारलं तर म्हणाली, "आम्ही ते पान उलटून पुढं जातो."

सोमवारपासून दुपारी जेवण झालं की शेडनेटखाली खुर्ची टाकून मी वाचत बसायचे. देव वाटेल अशी जागा आली की बियाण्याच्या पाकिटाची हिरवी पट्टी घालायची, माणूस वाटेल अशी जागा आली की साध्या कागदाची. दोन्ही पट्ट्या भराभर वाढत गेल्या. कधी एकाच पानात दोन्ही.

एका घरात एवढी गर्दी झालेली की लुळ्या माणसाला दारातून आत नेता येईना. त्याच्या मित्रांनी छप्पर उचकटलं आणि त्याला वरून खाली सोडला. छपराची भरपाई कुणी केली ते लिहिलेलं नाही. येशू त्याला बरं करण्याआधी म्हणतो की तुझी पापं माफ झाली. बसलेले शास्त्री मनात म्हणतात, पापं माफ करणं तर देवाचंच काम, हा कोण? यावर तो म्हणत नाही की छे, मी देव नव्हे. उलट माणूस चालता करून दाखवतो. हिरवी पट्टी.

पुढं त्याला भूक लागते. लांबून अंजिराचं झाड दिसतं, तो जवळ जातो, झाडाला नुसती पानं. तो झाडाला शाप देतो आणि झाड वाळतं. तिथंच लिहिलंय की अंजिराचा हंगाम नव्हता. इथं मी पुस्तक मिटून बसले. आमच्या भागातल्या शाळेच्या पोरालाही कुठलं फळ कधी येतं ते माहीत असतं. देवाला माहीत नसावं? साधी पट्टी. पण शापानं झाड वाळलं, ते? हिरवी घालावी का? शेवटी दोन्ही घातल्या.

बुधवारी भाभी आल्या. भाभी रस्त्यापलीकडं राहतात, फॉल-पिको आणि ब्लाउज शिवतात. त्यांचे मालक मार्केट यार्डात असतात. आमची ओळख दोघींच्या पोरांच्या बालवाडीपासूनची.

"काय वाचताय वहिनी? धर्म बदलताय का काय?"

"सुनेचा देव तपासतेय. देव आहे का नाही ते."

"न्हाय," भाभी पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाल्या. "ईसा आमचेबी हाईत. लई मोठे पैगंबर. बापाबिगर जन्मले, मुडद्यात जीव घातला. आमच्या किताबात त्यांच्या आईच्या नावाचा अख्खा अध्याय हाय. पण देव न्हायत. देवाला कसलं पोरगं?"

"पण इथं वादळाला गप म्हणाला तर वादळ गप झालं."

"आल्लाच्या हुकमानं."

"हुकूम यानं स्वतः दिलाय. वर कुणाला विचारलेलं दिसत नाही."

"त्याच्या आधी काय करत हुता?"

"झोपला होता. नावेत, उशीवर."

"देव झोपतो व्हय?"

"आमचा विठोबा झोपतो की. शेजारती कशाची असते मग?"

"तुमचं काय सांगू नका. तुमी दगडाला शेंदूर लावला की देव तयार."

"आणि तुम्ही पीराला चादर चढवता ती?"

"चादर चढवतो. पीराला देव म्हणत न्हाय." भाभींनी बोट वर केलं. "मान देणं येगळं, देव म्हणणं येगळं. तुमच्यात ती दोन्ही एकच हाईत, म्हणून तुमचा घोळ होतोय."

हे मला पटलं नाही, पण डोक्यातून गेलंही नाही.

जाताना त्या म्हणाल्या, "एक करा. त्यानं सरळ सरळ 'मी देव हाय' असं कुठं म्हटलंय तेवढं दाखवा मला. एका जागी. मी गप बसते."

मी गुरुवार, शुक्रवार तेवढंच शोधलं. येशूची हकिगत सांगणारी चारही शुभवर्तमानं संपवली. शेवटच्या, योहानाच्या, सुरुवातीलाच लिहिलंय की शब्द आरंभी देवाजवळ होता आणि तो देव होता आणि तोच माणूस झाला. पण ते लिहिणारा म्हणतो, येशू म्हणत नाही. येशू म्हणतो, मी आणि पिता एक आहोत. आणि त्याच पुस्तकात पुढं म्हणतो, पिता माझ्याहून मोठा आहे. लोक त्याला मारायला दगड उचलतात, का तर तू माणूस असून स्वतःला देव करतोस. म्हणजे ऐकणाऱ्यांना तसंच कळलं होतं. पण भाभींना हवं होतं ते वाक्य मिळालं नाही.

शनिवारी वांगी निवडता निवडता त्याच्या पुढचं पुस्तक वाचत होते. त्यात येशूची दोन माणसं एका गावात जातात आणि जन्मापासून लंगड्या माणसाला उभं करतात. गाव म्हणतं, देव माणसांच्या रूपात खाली आले! पुजारी बैल आणि हार घेऊन पळत येतो. ते दोघे घाबरून आपले कपडे फाडतात आणि ओरडतात, अहो, आम्ही तुमच्यासारखीच माणसं आहोत. एवढं सांगूनही गाव ऐकेना, हार घालायला धावतंच. मला हसूच आलं. एवढ्या पुस्तकात पहिल्यांदा मला आमची माणसं भेटली.

रविवारी सकाळी मी आणि भाभी स्वयंपाकाला लागलो. मार्गशीर्ष चालू असल्यामुळं घरात मटण नव्हतं. चंपाषष्ठी झालेली, त्यामुळं भरताला हरकत नव्हती. भरीत, भाकरी, मासवडीचा रस्सा, आणि भाभींनी घरून आणलेली शेवयांची खीर. मुलगा मास्तरांना आणायला मोटरसायकल घेऊन एसटी डेपोवर गेला होता. मालकांची अंघोळ, पूजा चालू होती, तिकडं माझं लक्ष नव्हतं. तीच चूक.

मास्तर आले. मुलगा त्यांना दारात सोडून रोपांना पाणी द्यायला गेला. उंच, वाळके, पांढरा शर्ट, हातात पेरूंची पिशवी. मुलीकडं एकदा बघितलं, पोटाकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. "बरी आहेस?" "बरी आहे पप्पा." एवढंच. पाणी प्यायले. हात धुवायला बेसिन दाखवलं. बेसिनकडं जायची वाट देव्हाऱ्यावरून जाते.

ते तिथं थांबले. मी मागून गेले तर देव्हाऱ्यात लायटिंग फिरत होतं.

फोटो पुन्हा आत होता. नुसता आत नाही, मधोमध. खंडोबा कोपऱ्यात सरकवलेला. येशूला झेंडूचा जाड हार, कपाळावर ठसठशीत कुंकू, पुढं पेढा.

"हे कुणी केलं?" मास्तरांनी विचारलं.

"मीच केलं की," मालक आनंदानं पुढं आले. "म्हटलं तुमी येणार, आन तुमचा देव कपबशीशेजारी? बरं दिसतं का ते? आज मान त्याचा. खंडोबाला म्हटलं, सरक जरा, पाव्हणं येत्यात."

सुनेचा चेहरा बघून मला कळलं की माहेर गेलं.

"काढा तो," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"आं?" मालकांना काहीच उमजलं नाही. "हार लहान झाला का?"

मी पुढं झाले, लायटिंगची पिन उपसली, हार काढला, फोटो उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि पदरानं काच पुसली. "काढला. यांना कुणी सांगितलं नव्हतं, ती माझी चूक. यांनी मान म्हणून केलं. आता गुरुजी तुम्ही बसा आणि मला सांगा, हा ठेवायचा कुठं? आठवडाभर मी तेच शोधतेय."

"शोधताय म्हणजे?"

"वाचतेय."

सुनेनं पुस्तक आणून दिलं. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांनी ते साळिंदरासारखं झालं होतं. मास्तरांनी ते हातात घेतलं, उलटसुलट बघितलं. "या कशाच्या खुणा?"

"हिरवी देवाची, पांढरी माणसाची."

ते खुर्चीवर बसले. एक पांढरी पट्टी उपसून पान बघितलं. "अंजिराचं झाड."

"हंगाम नव्हता," मी म्हटलं. "तिथंच लिहिलंय."

"तो झाडावर रागावला नव्हता. त्याच्या पुढं-मागं मंदिराची हकिगत आहे. नुसती पानं आणि फळ नाही, ते मंदिराला उद्देशून आहे."

"मग झाडाचा काय गुन्हा?"

मास्तरांनी पट्टी पुन्हा पानात घातली. "हा प्रश्न मला मंडळीत कुणी विचारला नाही."

"तुमच्या मंडळीत बागायतदार नसतील."

मालकांनी हळूच खुर्ची ओढली. भाभी पिठाच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या. मी दुसरी पट्टी काढली. शेवटचा दिवस कधी येणार ते पुत्रालाही माहीत नाही, फक्त पित्याला, असं तो म्हणतो. देवाला माहीत नाही? तिसरी. कुणी त्याला उत्तम गुरुजी म्हणतं, तर तो म्हणतो, मला उत्तम का म्हणतोस, उत्तम एक देवच. चौथी. वधस्तंभावर तो देवाला विचारतो की तू मला का सोडलंस. स्वतःच देव तर कुणाला विचारतो?

मास्तर एकेकाला उत्तर देत गेले. खरा देव आणि खरा माणूस, दोन्ही पूर्ण, माणूस झाला म्हणून भूक, झोप, न कळणं हे त्यानं आपणहून पत्करलं. ते शिकवायला लागले की त्यांचा आवाज बदलत होता, हात फळ्याकडं गेल्यासारखा वर जात होता. मला सगळं पटलं असं नाही. पण हे उत्तर पाठ केलेलं नव्हतं, त्यावर त्यांचे दिवस गेलेले दिसत होते.

"गुरुजी, मी इचारू का?" दारातून भाभी.

"विचारा की."

"'मी देव हाय' असं त्यानं सरळ कुठं म्हटलंय?"

मास्तरांनी चष्मा काढला. पुस्तकाकडं बघितलं नाही. "त्या शब्दांत कुठंच नाही."

"बघा!" भाभी माझ्याकडं वळल्या.

"थांबा. पण त्याचा एक शिष्य होता, संशयी. मेलेला उठला हे त्याला पटत नव्हतं. समोर बघितल्यावर तो म्हणाला, माझ्या प्रभू, माझ्या देवा. आणि येशूनं त्याला गप केलं नाही."

"घाबरून निघालं आसंल तोंडातनं. मला साप दिसला की मीबी 'या अल्ला' म्हणते. ते सापाला न्हाय म्हणत."

मालक खो खो हसले. सूनही हसली, तोंडावर हात ठेवून. मास्तरांनी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो जमला नाही.

तेव्हा मी हारवाल्या गावाची गोष्ट काढली. म्हटलं, "त्या दोघांनी हार घालू दिला नाही. कपडे फाडले. म्हणजे देव नसणारानं काय करायचं ते तुमच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. मग येशूच्या पाया इतके लोक पडतात, तो एकालाही 'ऊठ, मी माणूस आहे' का म्हणत नाही? मला तरी ही हिरवी पट्टी सगळ्यांत मोठी वाटली."

मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी मान हलवली. "चांगला मुद्दा आहे. पण त्यावर सगळी इमारत उभी करू नका. त्या काळी राजापुढंही लोक लोटांगण घालत, आणि राजा 'ऊठ' म्हणत नसे. मी दुसरीकडून बघतो. हे लिहिणारे लोक लहानपणापासून रोज म्हणत आलेले, देव एकच. माणसाला देव म्हणायचं म्हणजे त्यांच्यात दगडांनी मरायचं काम. तुमच्याकडं देव खाली येणं सोपं आहे विहीणबाई, त्याची सवय आहे. त्यांच्यात ते तोंडातून निघणंच अशक्य होतं. तरी निघालं. मी एवढंच म्हणतो, काहीतरी बघितल्याशिवाय असं निघत नाही."

भाभी म्हणाल्या, "भाकरी करपंल," आणि आत गेल्या. आतूनच पुन्हा आवाज आला, "आन मेले कुठं ते? आमच्यात तर जित्तंच वर नेलं."

"आमच्यात मेले आणि उठले," मास्तर म्हणाले.

"म्हंजी आत्ता जित्तंच हाईत ना? दोघांच्याबी मतानं?"

"हो. तेवढ्यापुरतं एकमत."

"मग आबांच्या शेजारी न्हाय लावता येत," मालक म्हणाले. त्यांचा प्रश्न अजून तोच होता.

मास्तरांनी टेबलावरच्या फोटोकडं बघितलं. "माझ्या घरी प्रभूचा फोटोच नाही. तुम्ही आणलात, त्याचा मला राग नाही. व्याह्यांनी हार घातला, त्याचाही नाही. मघाशी राग आला, पण तो गेला." बोलताना ते माझ्याशी बोलत होते, पण ऐकवत होते मुलीला. "माझी भीती वेगळी आहे. उद्या नातवंड विचारेल, हा कोण? तुम्ही प्रेमानं सांगाल, हाही एक देव. खंडोबा तसा हा. तुमच्या दृष्टीनं त्यात अपमान नाही, उलट मान आहे, ते मला कळतं. पण ओळीतला एक म्हटला की माझ्याकडं काही उरत नाही. मी आयुष्यभर जे वाचलं ते सगळं त्या एका गोष्टीवर उभं आहे."

यावर गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. मी म्हटलं, "गुरुजी, मी एका आठवड्याच्या वाचनावर पोराला काय सांगणार? ओळीतला आहे असं सांगणार नाही, कारण तुमच्या पुस्तकात तसं नाही, एवढं मला दिसलं. एकटाच आहे असंही सांगणार नाही, कारण ते मला वाटत नाही. मी म्हणेन, जा, आजोबांना विचार. पोर भाभींनाही विचारेल. विचारू दे."

"आणि आजोबा इंदापुरात."

"इंदापूर काय परदेशात आहे?"

तेव्हा सून बोलली. उभीच होती. "पप्पा, मला आईजवळ यायचंय. बाळंतपणाला. तुम्ही म्हणालात तर येईन."

मास्तर मुलीकडं बघेनात. त्यांनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढला. मग मला विचारलं, "सातव्यात नेतात ना तुमच्यात?"

"नेतात."

"मधे पौष येतो. आमच्यात पौष-बिष काही नसतो, पण तुमच्यात चालत नसेल. सातवा लागेपर्यंत माघ येईल. माघात न्यायला येतो. मी आणि हिची आई दोघं."

"पौषातबी चालतंय," मालक म्हणाले, "तुमी न्यायला येताय म्हटल्यावर."

"नको. माघातच." आता त्यांनी मुलीकडं बघितलं. "थंडीही कमी होईल."

ती आत निघून गेली. भाभींनी तिला पाटावर बसवून पाणी दिलेलं मला दारातून दिसलं. मी ताटं घेतली. मास्तरांनी जेवणाआधी डोळे मिटून काहीतरी म्हटलं, आम्ही थांबलो, मग मालकांनी नेहमीसारखी ताटाभोवती पाण्याची रेघ फिरवली, आणि मास्तर थांबले. फोटो टेबलावर भरताच्या वाडग्याशेजारीच होता. जेवताना पुन्हा वाद झालाच. भाभींनी विचारलं की देव एक तर तीन कसे, आणि मास्तर खीर संपेपर्यंत सांगत होते. भाभींना पटलं नाही. मला अर्धं कळलं. मालकांना कळलं की नाही ते सांगता येत नाही, कारण त्यांनी दुसऱ्यांदा खीर घेतली आणि मान डोलावत राहिले.

चारच्या गाडीनं मास्तर गेले. फोटो मी सुनेच्या हातात दिला आणि म्हटलं, तुझा तू ठरव. तिनं तो आपल्या कपाटात, साड्यांच्या वरच्या कप्प्यात ठेवला. पुस्तक मी परत दिलं नाही. त्यातली मंडळ्यांना लिहिलेली पत्रं वाचायची राहिली आहेत, आणि मास्तर म्हणाले की अवघड भाग तोच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कामाला लागायच्या आत मी तिची दवाखान्याची फाईल मागून घेतली. स्कूटीवरून बारामतीत गेले. स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याचं शटर नुकतंच वर जात होतं. रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळ्याच्या प्रती काढल्या, तारखेप्रमाणं लावल्या, पिना मारल्या. एक संच पाकिटात घातला, त्यावर इंदापूरचा पत्ता लिहिला आणि शेजारच्या कुरिअरमध्ये दिला. मग मास्तरांना फोन करून सांगितलं, तिथला डॉक्टर आतापासून ठरवून ठेवा, माघात धावपळ नको.